मानेवरचं दावं

नाना,

परवा तुमची शोकसभा झाली. दूध संस्थेच्या पत्र्याखाली, कॅन धुतात त्या ओट्यासमोर. तुमचा फोटो कुणाकडंच नव्हता, म्हणून मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणला होता. त्यात तुम्ही पकडून आणलेल्या चोरासारखे दिसत होता. काकूंनी जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय आमचं मालक न्हाईत. पर ऱ्हाऊ द्या आता."

चेअरमन शेवटी बोलले. बरे बोलले. गावातल्या प्रत्येक घरच्या जात्याला नानांची टाकी लागलेली आहे, असं म्हणाले, आणि ते खरंच आहे. मग त्यांनी आवाज खाली आणला. "नानांचं एक काम अपुरं राहिलं. आपल्या माळावरच्या वीरगळाला डोकं बसवायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. पण हात दुखत होता, हातानं साथ दिली नाही. ते काम आपण दुसऱ्या कारागिराकडून पूर्ण करू. तीच नानांना श्रद्धांजली."

माना हलल्या. कुणीतरी सवयीनं "मंजूर" म्हणालं.

तुम्ही असता तर खाली बघून तंबाखू मळत बसला असता. मला ते जमत नाही. माझ्या बाबांच्या पिशवीत भाकरीपेक्षा पत्रकं जास्त असायची. माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची होती, आणि जोडाक्षरं मी शिकले ती 'संघर्ष' आणि 'निषेध' या शब्दांवरून. गप्प बसणं आमच्या घरात कुणी शिकवलंच नाही. म्हणून हे लिहितेय. तुम्ही गेलात त्याला अजून महिनाही झालेला नाही आणि तुमच्या नकाराचं यांनी अपुरं काम करून टाकलं.

आपली पहिली भेट आठवते का? दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. चौसाळ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या माळावर दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती. मी वही घेऊन दावणीदावणीनं फिरत होते, लोकांच्या तक्रारी लिहून घेत होते. तुम्ही वीरगळाच्या सावलीत बसून कुणाच्या तरी उखळाला टाकी लावत होता. मी त्या शिळेकडं तेव्हा नीट पाहिलंही नाही. पुरुषभर उंच दगड, त्यावर खालच्या बाजूला गाई कोरलेल्या, आणि मध्ये कमरेएवढा एक गडी, एका हातात गाईचं दावं धरून उभा. त्याला डोकं नाही. मानेच्या वर बोटभर खाच, आणि मग नुसता सपाट दगड. एवढं प्रत्येकाला माहीत होतं, मलाही.

तेवढ्यात एक बाई नवं दावं घेऊन आली. तिनं ते त्या गड्याच्या मानेवर, त्या खाचेत ठेवलं, घटकाभर थांबली आणि उचलून म्हशीकडं गेली. नारळ नाही, कुंकू नाही, पुटपुटणं नाही.

"हे काय?" मी तुम्हाला विचारलं.

"नवं दावं हाय. आदी त्याच्या मानंवर, मंग जनावराच्या."

"कशासाठी?"

"कावून म्हंजी? राखनीला हाय न्हवं त्यो." आणि मग माझ्या वहीकडं बघून, "तू पत्रकवाली व्हय? तुझ्या बापाची पत्रकं आमी लई वाचली. तंबाखू बांधून आनायचो त्यात."

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी पत्रकवाली झाले.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत स्मारकाचा विषय आला. संस्था ज्यांनी काढली ते थोरले साहेब, म्हणजे आताच्या चेअरमनचे वडील, त्यांचं स्मारक. वीरगळ माळावरून उचलून संस्थेच्या आवारात आणायचा, खाली ओटा बांधायचा, आणि त्या गड्याला थोरल्या साहेबांचं डोकं बसवायचं. पटका, मिशा, सगळं. आपल्याकडं सभेत विषय वाचून संपायच्या आत मागून "मंजूर, मंजूर" येतं, कारण पंगत खोळंबलेली असते. तसंच झालं. तुम्ही मागच्या रांगेत होता. तुमच्या तोंडूनही तो शब्द गेला का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

मी थोरल्या साहेबांना पाहिलेलं नाही. ते सायकलला कॅन बांधून पहिलं दूध स्वतः नेकनूरला घेऊन गेले होते, हे मला तुम्हीच सांगितलंत. "मानूस लई चांगला. पर चांगला मानूस हाय म्हनून त्याचं डोस्कं कुनाच्याबी धडावर बसवायचं व्हय?"

डोक्यासाठीचा दगड ट्रॅक्टरनं तुमच्या दारात आला. भरल्या पोत्याएवढा. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि ड्रायव्हरला म्हणालात, "एवढ्या दगडात सायबाबरुबर समदं संचालक मंडळ बसंल की बे."

मला वाटलं, आता लढाई सुरू झाली. मी बीडला जाऊन पत्रक छापून आणलं. मथळा होता, 'आमच्या वीराचं शीर परत द्या'. सत्तेच्या मस्तीत कुणीतरी या वीराचं मस्तक फोडलं, असं मी लिहिलं होतं. त्या जागी आज दुसऱ्या सत्तेचा चेहरा बसू देणार नाही. बसवायचंच तर कष्टकऱ्याचं डोकं बसवा, ज्याच्यावर मुंडासं आहे, कपाळावर घाम आहे. शाई वाळायच्या आत तुमच्याकडं घेऊन आले. तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलंत. वाचून झाल्यावर हातोडा हातात घेऊनच उठलात आणि मला माळावर घेऊन गेलात.

"हात लाव."

"कुठं?"

"मानंला. फुटलीया का कापलीया?"

"फुटलेलीच असणार."

"आसनार न्हाई. हात लाव आन् सांग."

तुम्ही माझं बोट धरून आधी शिळेच्या खालच्या कोपऱ्यावर नेलंत. तो खरोखर फुटलेला होता. धार लागत होती, कड वेडीवाकडी होती. मग खाचेत नेलंत. तिथं बारीक बारीक ठिपके होते, सारख्या अंतरावर, पावसानं गुळगुळीत झालेले. तसेच ठिपके गड्याच्या खांद्यावर होते. तसेच गाईच्या पाठीवर.

"एकाच छन्नीचं काम हाय," तुम्ही म्हणालात. "ज्यानं खांदं केलं त्यानंच मान केली. ह्याला डोस्कं कदी नव्हतंच. आन् तू छापून आनलंस की फोडलं म्हनून."

पाचशे प्रती होत्या, नाना. मी पुस्तकं वाचली, माणसांच्या मुलाखती घेतल्या, पण रोज समोर असलेल्या दगडाला एकदाही हात लावला नव्हता. आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सगळे म्हणत आले, कुणीतरी फोडलं. मी ते उचललं आणि ठळक अक्षरांत छापलं.

"मग त्यानं डोकं का केलं नाही?"

"डोस्कं नेलं आसंल की. ज्यांनी गाई वळून नेल्या त्यांनी. घरी आलं ते धड. पाथरवटानं जे घरी आलं ते केलं. जे आलंच न्हाई ते कुठनं करावं त्यानं?"

मी परत खाचेत बोट घातलं.

माझ्या वाचण्यात आलं होतं ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. जुन्या लढायांत मेलेल्या माणसाचंही शीर का कापायचे? तो तर मेलेला असतोच. पण शीर म्हणजे पुरावा. ते भाल्यावर मिरवता येतं, धन्यापुढं टाकता येतं, वेशीवर टांगता येतं. आणि मागं जे उरतं त्याला बायकोसुद्धा फक्त हाताच्या खुणेवरून, करगोट्यावरून ओळखते. जीव घेऊन झाल्यावर त्याचं नावही हिरावून घ्यायचं, असा तो प्रकार. म्हणून जिंकणाऱ्यांनी कोरून घेतलेल्या चित्रांत कापलेली डोकी असतात आणि कापणारा मध्यभागी असतो. देवीच्या गळ्यात मुंडमाळ असते, पायाशी असुराचं मस्तक असतं. आपल्या जुन्या देवळाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे, नुसतं डोळे वटारलेलं डोकं, धड नाही. त्याच्यावरून पाय उचलून आपण आत जातो. मी तुम्हाला हे सगळं सांगत होते आणि तुम्ही ऐकत होता. मग विचारलंत, "आन् ह्या दगडात कापनारा कुठं हाय?"

मी शोधला. गाई होत्या, दावं होतं, गडी होता, वर चंद्र-सूर्य होते. कापणारा नव्हता.

"त्याला जागाच दिली न्हाई पाथरवटानं," तुम्ही म्हणालात. "डोस्कं नेलंस, ने म्हनला. तुझं तोंड मी करत न्हाई. दावं आजून ह्याच्याच हातात हाय."

हजार पत्रकांत मला हे लिहिता आलं नसतं. हे त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी ते न सांगता वाद घातला.

मी म्हणाले, ठीक आहे, फोडलं नाही, नव्हतंच. तरी आता करायला काय हरकत आहे? आपण महालक्ष्म्यांना दरसाल मुखवटे चढवतोच की.

"त्या म्हायेराला येत्यात. तीन दिसांनी जात्यात, मुखवटं उतरून डब्यात ठिवतो आपुन. ह्यो कुठं जानार हाय? एकदा तोंड दिलं की त्यो त्या तोंडाचाच झाला."

"पण मी साहेबांचं तोंड म्हणत नाही. कष्टकऱ्याचं म्हणतेय."

"कुनाचं? भिवाचं? गनपाचं? माझं?"

"कुणाचंच नाही. सगळ्यांचं."

"आसं तोंड कुठं आसतंय का? मी दगूड घडवतो, मला ठाव हाय. नाक काडलं की ते कुनाचंतरी व्हतंच." मग तुम्ही हसलात. त्या हसण्यानं मला जास्त लागलं. "पत्रकवाले, तुझं आन् चेअरमनचं मागनं येकच हाय. निस्तं तोंड येगळं. आन् मला सांग, डोस्कं बसवल्यावर बायकांनी दावं कुठं ठिवायचं?"

मी इतके दिवस मोर्चात ज्यांच्या विरुद्ध घोषणा दिल्या त्यांच्या शेजारी तुम्ही मला एका वाक्यात नेऊन बसवलंत. मला ते सहन झालं नाही. म्हणून मी दुसरीकडून घाव घातला. विचारलं, मग चेअरमनला तुम्ही काय उत्तर दिलंत?

"हात दुखतोय म्हनून सांगितलं."

"दुखतोय?"

"वाईच दुखतोच की. वय झालं."

"नाना, हे उत्तर नाही. सरळ नाही म्हणा. सभेत उभं राहून म्हणा."

"गावात ऱ्हायचंय मला. म्हस छावनीत हाय."

मी म्हणाले, "मग तुम्ही घाबरलात, असं म्हणा ना."

 हातोडा खांद्यावर टाकलात आणि घराकडं निघालात. चालता चालता एकदा मागं वळून पाहिलंत, माझ्याकडं नाही, त्या गड्याकडं.

त्यानंतर चार महिने मी तुमच्याकडं आले नाही. छावणीत यायचे, तुमच्या गल्लीत वळायचे नाही. वाटायचं, माफी मागायची ती त्यांनी, कारण खोटं कारण त्यांनी दिलं. मग एका दुपारी तुम्ही जेवून भिंतीला टेकलात ते उठलाच नाहीत. मी आले तेव्हा तुमचा हातोडा दारातच होता, आणि त्याच्या दांड्यावर तुमच्या मुठीचा खड्डा पडलेला होता. मी तो उचलून बघितला. मला दोन्ही हात लागले.

घाबरलात, हा माझा शब्द मी मागं घेते. पण हात दुखतोय हे उत्तर चुकीचं होतं, हे माझं म्हणणं मी मागं घेत नाही. बघा ना काय झालं. तुमचं ते उत्तर यांनी उचललं आणि तुमच्याच फोटोखाली उभं राहून तुमच्याविरुद्ध वापरलं.

म्हणून परवा सभेत मी उभी राहिले.  म्हणाले, "नानांचं काम अपुरं राहिलेलं नाही. त्यांनी ते केलंच नाही. त्यांना ते करायचं नव्हतं."

चेअरमन शांतपणे म्हणाले, "ताई, शोकसभा आहे. राजकारण नको. दगड त्यांच्या दारात पोच झालेला आहे. नको असता तर परत केला असता. काकू, दगड आहे ना घरी?"

काकू बायकांत बसल्या होत्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "न्हाई. त्यो छावनीत हाय."

"छावणीत?"

"कुंपनाच्या भाइर. डोन केली मालकानं त्याची. शेरडं पानी पित्यात."

 मला आधी काही कळेना, आणि मग कळलं. छावणी मोठ्या जनावरांची होती. शेळ्यामेंढ्यांना आत जागा नव्हती. धनगरांची शेरडं कुंपणाबाहेर उभी असायची आणि आतल्या हौदापर्यंत त्यांचं तोंड पोचायचं नाही. उन्हाळ्यात कुंपणाबाहेर एक बुटकी दगडी डोण आली होती. टँकरवाला आतला हौद भरून झाला की उरलेलं पाणी तिच्यात सोडायचा. कुणी आणली, कुणी विचारलं नाही. मी त्या डोणीच्या काठावर बसून वही लिहिलीय, नाना. तुम्ही कसे मोडून पडलात याबद्दल मनात रागाची वाक्यं जुळवत मी तुमच्याच हातच्या कामावर बसले होते. टाकीचे ठिपके बोटभर अंतरावर होते आणि याही वेळी मी हात लावून पाहिलं नाही.

मागून भिवा धनगराचा आवाज आला. "म्हंजी आमची शेरडं थोरल्या सायबाच्या डोस्क्यातून पानी पित्यात व्हय बे?"

लोक हसले. शोकसभेत हसले. चेअरमनचा चेहरा पडला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली. शेवटी बापाचं स्मारक करायचं होतं त्यांना. काकूंनाही आली असावी. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "हसू नगा. थोरलं सायेब आसतं तर त्येबी म्हनलं आसतं, आदी शेरडाला पानी पाजा. मालक डोन करताना त्येच म्हनत व्हते. सायबाचा दगूड सायबाच्या कामाला लावला म्हनायचे."

 चेअरमन म्हणाले, "विषय पुढच्या सभेत घेऊ. कारागीर सांगून ठेवलेला आहे," आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. ती दोन मिनिटं पुरी व्हायच्या आतच लोक चपला शोधायला लागले. विषय रद्द झालेला नाही. ठराव वहीत तसाच आहे, सर्वानुमते.

मी घरी येताना चिडलेलीच होते. काकू बोलल्या, मी बोलले, बाकीचे हसले फक्त. एकानंही उभं राहून म्हटलं नाही की डोकं नको.

काल सकाळी दूध घालायची वेळ झाली तेव्हा मी माळावर गेले. वीरगळाच्या मानेवर दावं होतं. एक नाही. खाचेत मावत नव्हती इतकी, एकावर एक, खांद्यावरून खाली लोंबलेली. नवं एकही नव्हतं. झिजलेली, शेणानं माखलेली, गाठी मारून पुन्हा जोडलेली दावी. जनावरांच्या गळ्यातून काढून आणलेली. दावणीत म्हशी मोकळ्या उभ्या होत्या आणि माणसं त्यांच्या मानेवर हात ठेवून थांबली होती. भिवाला आत जागा नाही, पण त्याच्याही शेरडाची बारीक दोरी सगळ्यात वर होती.

चेअरमनची जीप आली. ते उतरले, बराच वेळ बघत राहिले. त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "कुणाची रं ही?"

म्हातारा म्हणाला, "म्हशीच्या मानंला काचत व्हतं, म्हनून काडलं."

त्या कळपातल्या प्रत्येक म्हशीच्या मानेला एकाच सकाळी काचत होतं. चेअरमन परत जीपमध्ये बसले. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यातलं दावं त्या ढिगात होतं की नाही, हे मी पाहिलं नाही. कदाचित असेल. त्यांचा गडीही याच गावचा आहे.

तर हे तुमचं गाव, नाना. तुमच्यासारखंच. ते नाही म्हणणार नाही, मानेला काचतंय म्हणेल. मी तिथं उभी राहिले आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. काकूंनी एक दावं उचलून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तुझ्या म्हशीचं?" मी म्हणाले, माझ्याकडं म्हैस नाही. "मंग मालकाच्या म्हशीचं म्हनून ठिव," म्हणाल्या. मी ठेवलं.

पण तुमची रीत मी घेणार नाही. मला ती येतही नाही, आणि कुणीतरी मोठ्यानं बोलल्याशिवाय वहीतला ठराव पुसला जात नाही. पुढच्या सभेत मी उभी राहीन. हातात पत्रक असेल, त्यावर माझं नाव असेल, आणि त्यात मी आधी माझी चूक लिहीन. फोडलं नव्हतं, मी न बघता छापलं होतं, पाचशे प्रती. आणि त्याखाली एकच वाक्य लिहीन, तुम्हाला आवडो न आवडो.

नानांचा हात दुखत नव्हता.